इंग्लिश उमराव घराण्याचा माग कसा काढायचा: किताब, वंश आणि जमीन

शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकात तीन लॉर्ड हमखास भेटतात: लॉर्ड विल्यम बेंटिंक, लॉर्ड डलहौसी आणि लॉर्ड कर्झन. नावाआधी बिरुद एकच, म्हणून तिघं एकाच पंगतीतले वाटतात. तसं ते नव्हते. बेंटिंकला स्वतःचा किताब कधीच नव्हता. तो पोर्टलंडच्या तिसऱ्या ड्यूकचा धाकटा मुलगा, म्हणून नुसत्या रिवाजाने 'लॉर्ड'. डलहौसी हे त्या गृहस्थाचं नावही नव्हे आणि आडनावही नव्हे. तो जेम्स रॅम्से, डलहौसी हा त्याच्या घराण्याचा किताब. कर्झन हे मात्र आडनावच, आणि किताबातही तेच ठेवलेलं.

इंग्लंडच्या घराण्यांबद्दल वाचताना आपण अडखळतो ते इथे. आपल्या डोक्यात वतनाचा हिशोब असतो: मान आणि त्यासोबतचे जमीन-महसुलाचे हक्क एका हातात, आणि ते एकत्रच पुढच्या पिढीकडे जाणार. इंग्लंडमध्ये किताब एका नियमाने उतरतो, रक्ताचं नातं वेगळ्या कागदांवरून सिद्ध होतं आणि जमीन तिसऱ्याच दस्तांवर चालते. त्यामुळे एखाद्या घराण्याचा अभ्यास करायचा तर पहिल्या दिवशीच तीन वह्या घालायच्या: किताबाची, वंशाची, जमिनीची. एका वहीतली नोंद दुसरीत पुराव्याशिवाय उतरवायची नाही. इथे मी डेव्हनशरच्या ड्यूकचं कॅव्हेंडिश घराणं उदाहरणाला घेतलं आहे, कारण होऊ शकतात ते बहुतेक सगळे गोंधळ या एकाच घरात झालेले आहेत.

किताबाची वही

पायऱ्या पाच. वरून खाली: ड्यूक, मार्क्विस, अर्ल, व्हायकाउंट, बॅरन. बॅरोनेट हा वंशपरंपरागत असला तरी उमराव नव्हे. हा दर्जा जेम्स राजाने १६११ साली सुरू केला. 'सर' लावणारा नाइट तर फक्त स्वतःपुरता. एवढं पाठ झालं की पुढे चला, इथे रेंगाळण्यासारखं काही नाही.

खरं काम सुरू होतं ते नाव आणि किताब वेगळे करण्यापासून. प्रत्येक माणसापुढे चार गोष्टी लिहा: जन्मनाव, आडनाव, किताब, आणि तो किताब कोणत्या सालापासून. मुंबईकरांसाठी सोपं उदाहरण सँडहर्स्ट रोड स्टेशनचं. १८९५ ते १९०० या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेल्या लॉर्ड सँडहर्स्टचं आडनाव मॅन्सफिल्ड. रे रोडवाल्या लॉर्ड रेचं आडनाव मॅके. जुन्या पत्रव्यवहारात शोध घेताना हे माहीत नसेल तर निम्मे कागद हातातून निसटतात. त्यात भर म्हणजे उमराव सही करताना फक्त किताब लिहितो, पाळण्यातलं नाव नाही. सहीत नुसतं 'डलहौसी' किंवा 'डेव्हनशर' दिसलं की तो त्या वर्षीचा किताबधारी कोण, हे आपण तारखेवरून ठरवायचं.

तारीख का महत्त्वाची, ते कॅव्हेंडिश घराण्यातल्या आठव्या ड्यूकवरून दिसतं. १८३३ साली जन्मला तेव्हा तो स्पेन्सर कॉम्प्टन कॅव्हेंडिश. १८३४ साली वडील बर्लिंग्टनचे अर्ल झाले, त्यामुळे हा झाला लॉर्ड कॅव्हेंडिश. १८५८ मध्ये वडिलांना चुलत घराण्यातून ड्यूकपद मिळालं, की हा मार्क्विस ऑफ हार्टिंग्टन. १८९१ मध्ये वडील वारले आणि हा डेव्हनशरचा ड्यूक झाला. माणूस एकच, नावं चार. १८८० ते १८८२ या काळात तो भारतमंत्री होता. त्या वेळच्या सरकारी कागदांत 'डेव्हनशर' शोधलंत तर त्याचे वडील सापडतील, तो नाही. लॉर्ड आयर्विन यांची गत तीच. १९३१ चा गांधी-आयर्विन करार करणारे एडवर्ड वुड आणि दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा परराष्ट्रमंत्री असलेले लॉर्ड हॅलिफॅक्स एकच. मराठेशाहीच्या अभ्यासकांना हा प्रकार जवळचा आहे. १८०३ साली असईच्या रणांगणावर होता तो मेजर जनरल आर्थर वेलस्ली. 'वेलिंग्टन' हा किताब त्याला १८०९ साली मिळाला. आणि पेशवाई बुडाली त्या वेळचा गव्हर्नर जनरल काही कागदांत अर्ल ऑफ मॉइरा, तर १८१७ पासूनच्या कागदांत मार्क्विस ऑफ हेस्टिंग्ज असतो. त्याची वॉरन हेस्टिंग्जशी गल्लत करू नका.

आता हार्टिंग्टनकडे पुन्हा पाहा. मार्क्विस असून तो तीसहून अधिक वर्षं संसदेच्या निवडून दिलेल्या सभागृहात, म्हणजे हाउस ऑफ कॉमन्समध्ये बसला, लिबरल पक्षाचं नेतृत्व केलं. उमराव असता तर त्याला लॉर्ड्सच्या सभागृहात बसावं लागलं असतं. पण वडील हयात असताना थोरल्या मुलाने वापरलेला किताब हा वडिलांच्या दुय्यम किताबांपैकी एक, रिवाजाने उसना घेतलेला. कायद्याच्या लेखी तो साधा नागरिकच. त्याचा धाकटा भाऊ लॉर्ड फ्रेडरिक कॅव्हेंडिश, ज्याचा १८८२ मध्ये डब्लिनच्या फिनिक्स पार्कमध्ये खून झाला, त्याचंही तेच. यातून एक उपयोगी खूण मिळते. 'लॉर्ड' नंतर पाळण्यातलं नाव आणि मग आडनाव आलं, तर तो ड्यूक किंवा मार्क्विसचा धाकटा मुलगा असण्याची शक्यता दाट. 'लॉर्ड' नंतर थेट किताब आला, तर तो स्वतः किताबधारी किंवा थोरला मुलगा. बायकांच्या बाबतीत 'लेडी आयरीन कर्झन' म्हणजे ड्यूक, मार्क्विस किंवा अर्लची मुलगी, आणि 'लेडी कर्झन' म्हणजे कर्झनची बायको.

यानंतर प्रत्येक किताबाची सनद पाहायची. सनदेत दोन गोष्टी हव्यात: तो कोणत्या राज्याचा किताब आहे, आणि पुढे कोणाला जाणार. राज्यं पाच धरतात: इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड, १७०७ नंतरचं ग्रेट ब्रिटन आणि १८०१ नंतरचं युनायटेड किंगडम. हा भेद कोरडा वाटतो, पण कर्झनने त्याचा व्यवहारी फायदा घेतला. व्हाइसरॉय होताना १८९८ साली त्याने मुद्दाम आयरिश बॅरनपद घेतलं. आयरिश उमरावाला कॉमन्समध्ये निवडून जाता येत असे, म्हणजे परत आल्यावर तो दरवाजा बंद होऊ नये.

कोणाला जाणार, हा मुद्दा सनदेतल्या एकेका शब्दावर ठरतो. बहुतेक सनदांत 'त्याच्या पोटचे पुरुष वारस' असं असतं, म्हणजे पहिल्या किताबधाऱ्याच्या थेट वंशातले पुरुष. १५५३ साली मेरी राणीने एडवर्ड कोर्टनीला अर्ल ऑफ डेव्हन केलं, तेव्हा 'पोटचे' हा शब्द सनदेत आलाच नाही, नुसतं 'पुरुष वारस' आलं. कोर्टनी १५५६ मध्ये अविवाहित वारला, किताब संपला असं सगळ्यांनी धरलं. म्हणूनच १६१८ मध्ये कॅव्हेंडिशांना अर्ल ऑफ डेव्हनशर करायला काही अडचण आली नाही. १८३१ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला की तो शब्द नसल्यामुळे दूरच्या चुलत शाखेतला कोर्टनीही वारस ठरतो, आणि पावणेतीनशे वर्षं झोपलेला किताब उठून बसला. आज डेव्हनचे अर्ल आणि डेव्हनशरचे ड्यूक ही दोन वेगळी घराणी आहेत. नकाशावरचा परगणा मात्र एकच.

एका मृत्यूने किताबांची कशी फाटाफूट होते, हे कर्झनवरून शिकावं. १९२५ मध्ये तो वारला. मुलगे नव्हते, तीन मुली. मार्क्विसपद आणि अर्लपद तिथेच संपलं. व्हायकाउंट स्कार्सडेल या किताबाच्या सनदेत त्याच्या वडिलांच्या पुरुष वारसांची तरतूद होती, तो पुतण्याकडे गेला. बॅरन रॅव्हन्सडेल या किताबात मुलींची तरतूद होती, तो थोरल्या आयरीनकडे. म्हणून किताबाच्या वहीत माणसागणिक पान न घालता किताबागणिक पान घाला. एका माणसाच्या अंगावर सहा किताब असतील तर पानं सहा.

जुन्या बॅरनपदांचा नियम आणखी निराळा. सनदेने न देता संसदेच्या बोलावण्यावरून निर्माण झालेली बॅरनपदं मुलींकडे जाऊ शकतात. पण बहिणी दोन असतील तर थोरली-धाकटी असा भेद कायदा करत नाही. दोघींचा हक्क सारखा, म्हणून किताब कोणालाच नाही, तो अधांतरी लटकतो. एकच वंशज उरेपर्यंत किंवा राजसत्ता निवड करीपर्यंत. कॅव्हेंडिश घरात १८५८ साली हेच झालं. सहावा ड्यूक अविवाहित वारला. ड्यूकपद पुरुष वंशाच्या नियमाने चुलत शाखेतल्या विल्यम कॅव्हेंडिशकडे गेलं, तर आजीकडून आलेलं क्लिफर्डचं बॅरनपद त्याच्या दोन बहिणींमध्ये लटकलं.

आणि दत्तक? इंग्लिश किताबाला दत्तक चालत नाही. आजही दत्तक मुलाला वडिलांचा किताब मिळत नाही, आणि लग्नाआधी झालेल्या मुलालाही इंग्लिश किताब मिळत नाही, मग आईवडिलांनी नंतर लग्न केलं तरी. या नियमाची एक गंमत मराठी माणसाने नोंदवून ठेवावी अशी आहे. १८४८ मध्ये डलहौसीने दत्तक नामंजूर करून साताऱ्याचं राज्य खालसा केलं. पुढच्याच वर्षी त्याला मार्क्विस करण्यात आलं. १८६० मध्ये तो वारला तेव्हा त्याला मुलगा नव्हता, दोन मुली होत्या. मार्क्विसपद त्याच्यासोबतच बुडालं. जुनं स्कॉटिश अर्लपद तेवढं चुलत भावाकडे गेलं.

या वहीसाठी कुठे पाहायचं? नव्या किताबांची जाहीर घोषणा लंडन गॅझेटमध्ये होते. १६६५ पासूनचे अंक इंटरनेटवर फुकट शोधता येतात. बर्क आणि डेब्रेट यांचे उमरावांचे जाडजूड ग्रंथ सगळ्यांच्या तोंडी असतात, पण विश्वासाच्या दृष्टीने मी जी. ई. कोकेन यांच्या कम्प्लीट पीअरेजच्या विसाव्या शतकातल्या सुधारित आवृत्तीला पहिला मान देईन. तळटीपा खडूस आहेत, आणि तिथेच खरा माल आहे.

वंशाची वही

वंशावळ वरून खाली लिहू नये. विल्यम द काँकररबरोबर १०६६ मध्ये आलेल्या कोणा सरदारापासून सुरुवात केलीत की वाटेतल्या प्रत्येक भोकात कल्पना ओतली जाते. आजच्या किंवा एखाद्या पक्क्या माहीत असलेल्या माणसापासून मागे जायचं, दर पिढीला एक कागद. बाप्तिस्म्याची नोंद, लग्न, दफन, मृत्युपत्र. चर्चच्या नोंदवह्या १५३८ पासून सुरू होतात, त्यामुळे तिथपर्यंत रस्ता बरा असतो. श्रीमंतांची मृत्युपत्रं १८५८ पर्यंत बव्हंशी कँटरबरीच्या धर्मन्यायालयात जात. ती आता लंडनजवळ क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत आणि घरबसल्या उतरवून घेता येतात.

त्याआधीच्या काळासाठी माझ्या मते सगळ्यात देखणा कागद म्हणजे मृत्यूनंतरची चौकशी. राजाकडून थेट जमीन धारण करणारा माणूस मेला की सरकारी अधिकारी स्थानिक पंच बसवून तीन गोष्टी विचारत: कोणती जमीन कोणत्या अटीवर धरली होती, मृत्यू कधी झाला, आणि वारस कोण व किती वयाचा. तेराव्या शतकापासून सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे चाललं. एका कागदात वंश आणि जमीन दोन्ही सापडतात. मूळ लॅटिन, पण पुष्कळांचे इंग्रजी सारांश छापलेले आहेत.

तारखांचा एक सापळा इथेच सांगून ठेवतो. १७५२ पर्यंत इंग्लंडमध्ये कायदेशीर वर्ष २५ मार्चला बदलत असे. फेब्रुवारी १६९३ असं लिहिलेला कागद आपल्या हिशोबाने फेब्रुवारी १६९४ चा असू शकतो. अशा तारखा वहीत '१६९३/९४' अशाच लिहा. नाहीतर बापाच्या मृत्यूनंतर दीड वर्षाने मुलगा जन्मल्याचे चमत्कार दिसू लागतात.

छापील वंशावळींवर किती विश्वास ठेवायचा? घराण्यांची मानचिन्हं तपासणारे राजदरबारचे बिरुदाधिकारी १५३० पासून १६८८ पर्यंत परगण्यापरगण्यात फिरून वंशावळी नोंदवत. त्यात माणसाने सांगितलेलं आजोबा-पणजोबांपर्यंतचं सहसा बरोबर असतं, त्यापलीकडचं हौसेचं. डेन्बीचे अर्ल फील्डिंग हे घराणं स्वतःला हॅब्सबर्ग सम्राटांचे वंशज म्हणवत असे, आणि हे पिढ्यानपिढ्या मोठ्या आदराने छापलंही गेलं. जे. होरेस राउंड या इतिहासकाराने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं की त्यामागचे दस्त बनावट होते. आपल्याकडच्या कुलवृत्तांतांतही मूळपुरुषाच्या वरच्या दोन-तीन पिढ्या जरा जपूनच वाचाव्या लागतात, तसंच हे.

कॅव्हेंडिश घराण्याचं पक्कं बूड सोळाव्या शतकातल्या सर विल्यम कॅव्हेंडिशपाशी सापडतं. हा मूळचा सफोकचा, आठव्या हेन्रीच्या काळात मठांची मालमत्ता जप्त करणाऱ्या खात्यातला अधिकारी. १५४७ मध्ये त्याने डार्बीशरच्या एलिझाबेथ हार्डविकशी लग्न केलं. इतिहासात ती बेस ऑफ हार्डविक म्हणून ओळखली जाते. चार लग्नं, चार वेळा वैधव्य, आणि दर वेळी पहिल्यापेक्षा जास्त श्रीमंत. मुलं झाली ती फक्त कॅव्हेंडिशपासून. थोरल्या हेन्रीला औरस संतती नव्हती. दुसरा विल्यम १६१८ मध्ये डेव्हनशरचा अर्ल झाला. जेम्स राजाच्या दरबारात किताब रोख पैशाने मिळत, त्यात हाही. तिसऱ्या चार्ल्सपासून न्यूकॅसलच्या ड्यूकची शाखा निघाली.

ही तिसरी शाखा नीट पाहा, कारण वंशाच्या वहीत मुलींच्या रेषा का सोडू नयेत हे तीच शिकवते. चार्ल्सने नॉटिंगहॅमशरमधलं वेलबेक घेतलं. त्याचा मुलगा विल्यम १६६५ साली न्यूकॅसलचा ड्यूक झाला. नातू हेन्री १६९१ मध्ये वारला, मुलगा मागे नाही, ड्यूकपद संपलं. वेलबेक मात्र संपलं नाही. ते हेन्रीची मुलगी मार्गारेट हिच्याकडून होलिस घराण्यात गेलं, तिची मुलगी हेन्रिएटा हिच्याकडून हार्ली घराण्यात, आणि तिची मुलगी मार्गारेट हिच्याकडून पोर्टलंडच्या ड्यूकच्या बेंटिंक घराण्यात. तीन पिढ्या, तीन बायका, तीन वेगळी आडनावं, जमीन तीच. लंडनच्या कॅव्हेंडिश स्क्वेअरला नाव मिळालं ते या हेन्रिएटावरून, डेव्हनशरच्या ड्यूकवरून नव्हे. या शेवटच्या मार्गारेटच्या मुलाने कॅव्हेंडिश-बेंटिंक असं जोडनाव घेतलं आणि लग्न केलं ते डेव्हनशरच्या चौथ्या ड्यूकच्या मुलीशी. त्यांचा दुसरा मुलगा म्हणजे सतीबंदीचा कायदा करणारा आपला लॉर्ड विल्यम बेंटिंक. जोडनाव दिसलं की वारसा शोधा. हौसेने कोणी आडनाव लांबवत नसे, बहुधा मृत्युपत्रात तशी अट असे.

जमिनीची वही

पहिला नियम: किताबातलं गावाचं नाव पाहून नकाशात बोट ठेवू नका. डेव्हनशरच्या ड्यूकची मुख्य जमीन डार्बीशरमध्ये. दरबारातून नाव मिळालं आणि जमीन आधीपासून दुसरीकडेच होती, असं असंख्य घराण्यांचं आहे. कर्झनचं केडलस्टन त्याच्या किताबात आहे आणि घरही तिथेच, पण तो योग म्हणायचा.

दुसरं, जमीन घराण्यात आली कशी, याचे बहुतेक वेळा चारच मार्ग असतात: राजाची बक्षिसी, मठांच्या जप्तीनंतरची खरेदी, वारसदार मुलीशी लग्न, आणि साधी खरेदी. प्रत्येक इस्टेटीपुढे यांतला मार्ग आणि साल लिहा. चॅट्सवर्थचं पान असं दिसेल. १०८६ च्या डूम्सडे बुकात (राजाने करवलेल्या देशभरच्या जमिनीच्या मोजदादीत) नोंद आहे, तेव्हा मालकी राजाची. १५४९ मध्ये सर विल्यम आणि बेस यांनी ६०० पौंडांना विकत घेतलं. बेसच्या मृत्यूनंतर ते थोरल्या हेन्रीकडे जायचं होतं. त्याने आपला हक्क धाकट्या विल्यमला विकला. म्हणजे भावाभावांतही खरेदीखत. यॉर्कशरमधलं बोल्टन ॲबी आणि आयर्लंडमधला लिस्मोर किल्ला यांचं पान वेगळं: १७४८ मध्ये पुढे चौथा ड्यूक झालेल्या विल्यमचं शार्लट बॉइलशी लग्न. बर्लिंग्टनच्या अर्लची ती वारस. एका लग्नात यॉर्कशर, आयर्लंड आणि लंडनमधली बर्लिंग्टन हाउस व चिझिक हाउस ही घरं आली. क्लिफर्डचं बॅरनपदही तिच्याकडूनच. समुद्रकाठचं ईस्टबोर्न पुन्हा तिसऱ्या वाटेने, चौथ्या ड्यूकच्या धाकट्या मुलाच्या बायकोकडून. १८५८ मध्ये त्या शाखेला ड्यूकपद मिळालं तेव्हा ते मुख्य इस्टेटीला जोडलं गेलं.

मग इतकी जमीन पिढ्यानपिढ्या एकत्र राहिली कशी? नुसत्या ज्येष्ठाधिकाराने नाही. सतराव्या शतकाच्या मध्यापासून वकिलांनी एक पक्की बांधणी बसवली. थोरला मुलगा वयात आला किंवा लग्नाला उभा राहिला की बाप-लेक मिळून करारनामा करत: बापाला हयातभर उत्पन्न, मुलाला त्याच्या हयातीपुरतं, आणि खरी मालकी अजून न जन्मलेल्या नातवाची. त्यामुळे हयात ड्यूकला एक शेतही मनाने विकता येत नसे. याच करारात विधवेचं सालीना, मुलींचा हुंडा आणि धाकट्या मुलांचा वाटा लिहिलेला असतो. घराण्याचा कागदपत्रांचा संग्रह हाती आला तर आधी हे लग्नाचे करारनामे मागवा. त्यात इस्टेटीची गावागावांनिशी यादी असते. १८८२ च्या कायद्याने हयात धारकाला विक्रीची मोकळीक मिळाली, आणि शेतमालाचे भाव पडलेलेच होते, म्हणून त्यानंतर विक्रीपत्रकांचा पूर येतो.

एका तारखेला कोणाकडे किती जमीन होती, हे पाहायचं तर १८७३ ची सरकारी मोजदाद. तिला तेव्हाच 'नवं डूम्सडे' म्हणू लागले. एक एकर किंवा त्याहून जास्त जमीन असलेल्या प्रत्येक मालकाचं नाव, क्षेत्र आणि अंदाजे उत्पन्न तिच्यात आहे. पण वापरताना तीन खाचखळगे: यादी परगण्यावार आहे, म्हणून एकाच माणसाची बेरीज आपण करायची, जंगलं आणि सामाईक गायरानं धरलेली नाहीत, आणि लंडन शहर वगळलं आहे. शेवटची गोष्ट फार महागात पडते. ग्रोव्हनर घराण्याने १६७७ साली मेरी डेव्हिस या बारा वर्षांच्या वारसदार मुलीशी झालेल्या लग्नातून लंडनबाहेरची दलदलीची कुरणं मिळवली. तीच आजच्या लंडनमधली मेफेअर आणि बेलग्रेव्हिया ही महागडी वस्ती. याच घराण्यातला वेस्टमिन्स्टरचा ड्यूक या मोजदादीत सुमारे २० हजार एकरांचा मध्यम जमीनदार दिसतो. देशातल्या सर्वांत श्रीमंतांपैकी तो एक होता, हे त्या यादीवरून कळणारच नाही.

सरकारी यादीतल्या चुका जॉन बेटमन याने मालकांना पत्रं पाठवून दुरुस्त केल्या, आणि त्याच्या जमीनदारांच्या यादीची १८८३ ची शेवटची आवृत्ती आजही हाताशी ठेवावी अशी आहे. डेव्हनशरच्या ड्यूकची नोंद तिथे अशी: डार्बीशर ८९,४६२ एकर, आयर्लंडमधलं कॉर्क ३२,५५० आणि वॉटरफर्ड २७,४८३, यॉर्कशर १९,२३९, लँकशर १२,६८१, ससेक्स ११,०६२, आणि बाकी किरकोळ मिळून एकूण १,९८,५७२ एकर. म्हणजे साधारण ८०० चौरस किलोमीटर. डेव्हन परगण्यात एक एकरही नाही. आणि ही नोंद तुमच्या वहीतल्या लग्नांशी ताडून पाहा: कॉर्क आणि वॉटरफर्ड शार्लटचे, ससेक्स म्हणजे ईस्टबोर्न. तीन वह्या इथे पहिल्यांदा एकमेकींना भेटतात, आणि भेटल्या नाहीत तर कुठेतरी एक लग्न राहून गेलं आहे असं समजावं.

गावपातळीवर उतरायचं असेल तर १८३६ च्या कायद्यानंतर तयार झालेले धर्मकराचे नकाशे पाहा. प्रत्येक तुकड्याला क्रमांक, सोबतच्या यादीत मालक, कुळ, पीक. आपल्या सातबाऱ्याची सवय असलेल्याला ते वाचायला अर्धा तासही लागणार नाही.

विसाव्या शतकात वही पातळ होत जाते. १८९४ पासून मृत्यूनंतरचा इस्टेट कर लागू झाला आणि दर चढत गेले. १९०८ मध्ये आठवा ड्यूक वारला, तेव्हाच्या करापायी पुढे पिकॅडिलीवरचं डेव्हनशर हाउस १९२० मध्ये विकावं लागलं. दहाव्या ड्यूकने १९४६ मध्ये मालमत्ता मुलाच्या नावे करून टाकली. करातून सुटायला पाच वर्षं जगणं भाग होतं. १९५० च्या नोव्हेंबरमध्ये, मुदत पुरी व्हायला काही आठवडे उरलेले असताना तो वारला. ८० टक्के कर लागला. हजारो एकर विकले गेले, मौल्यवान चित्रं गेली, आणि बेसने बांधलेलं हार्डविक हॉल करापोटी देऊन १९५९ मध्ये जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे गेलं.

आजच्या जमिनीसाठी मात्र 'ड्यूक' या नावाने शोधून काही मिळत नाही. जमीन आता विश्वस्तांच्या, कंपन्यांच्या नावे असते. चॅट्सवर्थचं घर आणि बागा १९८१ पासून एका धर्मादाय ट्रस्टकडे भाडेपट्ट्याने आहेत आणि ड्यूक स्वतःच्या राहत्या खोल्यांचं भाडं त्या ट्रस्टला भरतो. सरकारच्या लँड रजिस्ट्रीत थोडं शुल्क भरून कोणत्याही तुकड्याची नोंद काढता येते. पण सगळ्या इंग्लंडभर विक्रीनंतर नोंदणी सक्तीची झाली ती १९९० च्या डिसेंबरपासून. जी जमीन तीनशे वर्षांत विकलीच गेली नाही, तिची तिथे नोंद नसण्याची शक्यता चांगलीच आहे. अशा वेळी परगण्याच्या अभिलेखागारात जुने करारनामे मागवायचे, आणि घराण्याचा खासगी संग्रह असेल तर तिथल्या अभिलेखपालाला आधी पत्र लिहून, नेमका दस्त आणि साल सांगून वेळ घ्यायची. 'घराण्याची सगळी माहिती हवी' असं लिहिलेल्या पत्राला उत्तर येत नाही.